आधीची दहा मिनिटं

बुधवार, १९ नोव्हेंबर १९९७. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. शिरूर, आमची शाळा, नववी ब.

हजर: विद्यार्थी एक्केचाळीस, पट पंचेचाळीस. फळ्याशी इंग्रजीचे दस्तगीर तांबोळी सर. दारात मी, शाळेची लिपिक, हातात फोनवरून घेतलेला निरोप.

ही नोंद मी त्याच दिवशी केली होती, कारण दोन वाजून तेरा मिनिटांनी सर वर्गात नव्हते. खडू टेबलावर होता आणि फळ्यावरचं वाक्य अर्धं राहिलं होतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकही तास अर्ध्यावर न सोडलेला माणूस फाटकातून जवळजवळ पळत बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडून लेखी खुलासा मागितला. मेमो मीच टाइप केला, जावक क्रमांक मीच टाकला. मुदत तीन दिवसांची होती. उत्तर अजून आलेलं नाही.

सर मूळचे मांडवगण फराट्याचे. घरी पिढीजात पानाचा धंदा. शिकलेला हा पहिलाच. अंगात कायम पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, एक लाल, एक निळं. चपला वर्गाबाहेर काढून मगच आत जायचे. थंडीतसुद्धा अनवाणी शिकवायचे. नव्या शिक्षकांना गंमत वाटायची. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "चपला घालून दोन ठिकाणी जात नाही. एक मशीद, दुसरा वर्ग." एवढं बोलून पुढच्या कामाला.

त्यांचे पाच डबे सगळ्या शाळेला माहीत होते. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, स्टाफरूमच्या कपाटावर ओळीनं लावलेले. सुरुवात झाली ती पेपर तपासताना. एका वर्षी दहावीच्या मुलांनी पाच वेगवेगळ्या इंग्रजी वाक्प्रचारांचा अर्थ एकच लिहिला होता: अचानक. मुलांची चूक नव्हती, गाइडातच तसं छापलेलं. सर गाइड घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"बघा जगतापबाई. पाच माणसं एकाच सदऱ्यात कोंबली आहेत."

त्यानंतर त्यांनी डबे आणले आणि प्रत्येकावर एक वाक्प्रचार चिकटवला. 'ऑन अ व्हिम', 'ऑन द स्पर ऑफ द मोमेंट', 'इन द हीट ऑफ द मोमेंट', 'जंप द गन', 'ॲट द ड्रॉप ऑफ अ हॅट'. गावात, शाळेत, घरात कुणी तडकाफडकी काही केलं की सर जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर ते लिहायचे, पट्टीनं चिठ्ठी फाडायचे आणि योग्य डब्यात टाकायचे. पुढच्या वर्गाला ती चिठ्ठी वाचून दाखवायची. नाव झाकून. अर्थात शिरूरसारख्या गावात नाव झाकलं तरी माणूस दिसतोच.

डबा ठरवायची त्यांची पद्धत एकच होती. शब्द नंतर. आधी, ती गोष्ट करण्यापूर्वीची दहा मिनिटं सांगायची. काय पाहिलं, काय ऐकलं, हात कुठं होते.

आमचे गणिताचे भोसले सर एका रविवारी यवतच्या बाजाराला कांद्याचं रोप आणायला गेले आणि हार्मोनियम घेऊन आले. सोमवारी त्यांची सुनावणी.

"आधीची दहा मिनिटं?"

"काही नाही हो. उसाचा रस प्यायलो. समोर हार्मोनियम दिसली."

"वाजवता?"

"नाही."

"घरात कुणी वाजवतं?"

"बायको विचारत होती तेच."

"मग पहिला डबा," सर म्हणाले. "दहा मिनिटांत काहीच सापडत नाही, तो व्हिम. लहर. तिला कारण विचारायचं नसतं, आणि तिनं कारण सांगायचंही नसतं."

दुसरी चिठ्ठी मांडवगणच्या आप्पांची. आप्पा मोठे बागाईतदार, सोसायटीत वजन. त्यांनी एका दुपारी राबती बैलजोडी विकून टाकली आणि सरांच्या ओट्यावर येऊन बसले. मी त्या दिवशी सरांच्या पुतणीच्या लग्नाला मांडवगणला गेले होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलेलं.

"लहर आली, ईकली," आप्पा म्हणाले.

"आप्पा, त्याच्या आधी दहा मिनिटं कुठं होता तुम्ही?"

"बांधावं."

"बांधावर कोण होतं?"

"धाकटा भाऊ. त्यो म्हनला, बैलं माझ्या वाटणीची हायेत. म्हनलं, आता घे वाटणी."

"मग लहर कुठली? हा ताव. तिसरा डबा."

"दस्तगीर, तुझ्या डब्यात काय बी टाक," आप्पा उठत म्हणाले, "पर धाकट्याला सांगू नगं मला वाईट वाटतंय म्हून."

सर मुख्याध्यापकांनाही सोडत नसत. एका स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे यायच्या आधीच मुख्याध्यापकांनी आभार मानून टाकले. भाषण तयार होतं, माइक हातात आला, सुरू झाले. ते 'जंप द गन'मध्ये गेले. तिथं अविचार नसतो, सर म्हणायचे, काम ठरलेलंच असतं, फक्त शिट्टी वाजायच्या आधी पळालेलं असतं. पाचवा डबा आमच्या सखाराममामांचा. मामा शिपाई. कुणी "चला" एवढं म्हटलं की मामा सायकलवर बसलेले, कुठं ते नंतर. "हा माणूस आधीपासून उभाच असतो," सर सांगायचे. "टोपी पडायचा अवकाश. याची दहा मिनिटं विचारू नका, याचं सगळं आयुष्य विचारा." मामा हे ऐकून खूश व्हायचे आणि लगेच कुणीही न सांगता चहा आणायला जायचे.

पोपट गवारे हा सरांचा जुना विद्यार्थी, कवठे येमाईचा. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लाइनवर कामाला लागला होता, अजून कायम व्हायचा होता. घरात पगार आणणारा तोच. बुधवारच्या आधीच्या रविवारी सकाळी मी एका राहिलेल्या सहीसाठी सरांच्या घरी गेले, तर पोपट खुर्चीच्या कडेवर बसलेला.

झालं होतं ते असं. शुक्रवारी त्यानं लाल बटन दाबून अख्खी लाइन बंद पाडली होती. माल वाया गेला, अर्धी पाळी गेली. कुणाला इजा झाली नव्हती. पोपट म्हणत होता, शेजारचा ठेक्यावरचा बिहारी कामगार, रामाशिष, रोलरात ओढला जाणार होता. सुपरवायझर म्हणत होता, तसं काही नव्हतं. पोपटला निलंबित केलं होतं. रोज सकाळी दहाला आणि दुपारी तीनला गेटवर हजेरी लावायची, चुकली तर गैरहजेरी. सोमवारपर्यंत इंग्रजीत लेखी स्पष्टीकरण, गुरुवारी चौकशी.

"कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्याकडनं लिहून घेतलंय," पोपट म्हणाला. "फकस्त सही राह्यलीय. एकदा नजरेखालनं घाला."

सरांनी कागद वाचला. "ऑन अ व्हिम. पोपट, यात तू लिहिलंयस की काही कारण नव्हतं, मनात आलं आणि दाबलं. हार्मोनियम घेतल्यासारखं."

"मग सुपरवायझर म्हनतो ते लिव्हा. हीट ऑफ द मोमेंट. म्हनला माफी माग, समज देऊन सोडतील."

"त्याचं आणि तुझं काही झालं होतं?"

"व्हय. त्याच दिवशी. सुट्टीवरनं. लई बोल्ला मला, सगळ्यांसमोर."

"मग हे लिहिलंस तर रागानं लाइन पाडली असं तूच लिहून देतोयस. आज समज देतील. कायम करायची वेळ आली की हाच कागद काढतील."

"मग जे बराबर बसंल ते लिव्हा की सर."

"बसेल ते नाही. झालं ते. आधीची दहा मिनिटं सांग."

पोपट उखडला. "नोकरी जायची येळ आली आन् तुम्ही डबं घिऊन बसलाय!"

आतून भाभी, म्हणजे सरांच्या पत्नी, ओरडल्या, "सांगून टाक रे बाबा. त्याशिवाय इथं सुटका नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी मला दहा मिनिटं द्यावी लागतात."

पोपटनं सांगितलं. पहिल्यांदा सगळं भांडणच. सर म्हणाले, पुन्हा. दुसऱ्यांदा थोडं भांडण, थोडी लाइन. चहा निवला. सर म्हणाले, पुन्हा, आणि उभं राहून. तिसऱ्यांदा पोपट उभा राहिला, दारावरचा टॉवेल घेऊन गळ्यात टाकला, वाकला.

"रामाशिष आसा. गमछा आसा. याचं टोक लोंबत हुतं. मी म्हनलं आता ह्याला सांगावं, तवर टोक रोलरकडं..." आणि त्याचा उजवा हात भिंतीवर आपटला. कॅलेंडर खाली पडलं.

सरांनी विचारलं, "त्या वेळी सुपरवायझर डोक्यात होता?"

पोपटनं पडलेलं कॅलेंडर उचललं. "आधी व्हता. लई व्हता, खोटं कशाला बोलू. पर टोक दिसलं तवा... तवा कुणीच नव्हतं सर."

सरांनी स्वतःच्या हातानं स्पष्टीकरण लिहिलं. 'ऑन द स्पर ऑफ द मोमेंट'. समोर काही घडलं आणि त्यानंच हात हलवला, असं. पण त्याच्या आधीच्या ओळीत भांडणही लिहिलं. पोपट घाबरला. "ते कशाला?"

"ते दहा मिनिटांत आहे. आपण लपवलं आणि त्यांनी काढलं तर बाकीचंही खोटं ठरेल."

मला त्या दिवशी सरांचा राग आला होता, हे लिहून ठेवते. खरेपणा त्यांचा, नोकरी पोपटची. भांडण कागदावर आल्यामुळे आता पोपटची सगळी भिस्त एकट्या रामाशिषच्या साक्षीवर राहिली.

बुधवारी दोन वाजता ऑफिसात फोन वाजला. पोपट गेटजवळच्या बूथवरून बोलत होता. "बाई, रामाशिषला ठेकेदारानं गावी धाडलाय. दौंडवरनं संध्याकाळच्या गाडीनं चाललाय. मला तीनची हजेरी सोडता येत न्हाई. सरांना काय करा म्हनत न्हाई मी. फकस्त सांगा."

मी निरोप कागदावर लिहिला, नववी ब च्या दारात गेले, कागद दिला. सरांनी वाचला, घड्याळ पाहिलं, खडू ठेवला. वर्गाला म्हणाले, "पुढचा धडा मनात वाचा. आवाज नको." आणि गेले. व्हरांड्यातून त्यांच्या चपलांचा आवाज लांबपर्यंत येत राहिला.

दौंडला काय झालं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर बसून सांगितलं. न्हावऱ्यामार्गे एसटीनं चौफुला, तिथून मिळेल त्या गाडीनं दौंड. स्टेशनवर रामाशिष पत्र्याच्या पेटीवर बसलेला सापडला. ठेकेदाराचा माणूस तिकीट हातात देऊन निघून गेला होता. गळ्यात तोच गमछा, एक टोक फाटलेलं, काळ्या ग्रीसनं माखलेलं.

सरांनी विचारलं, "बेटा, बटन दबने के पहले क्या हुआ था?"

"मास्साब, बटन नहीं दबता तो गर्दन जाती."

"लिख के देगा?"

"दे देंगे. लेकिन फिर ठेकेदार काम पर नहीं लेगा."

इथं सर मला म्हणाले, "बाई, तोपर्यंत मला हे सुचलंच नव्हतं. दीड-दोन तास एसटीत बसलो होतो. सगळा वेळ फक्त पोपट."

सरांनी पुढे केलेला कोरा कागद परत खिशात ठेवला आणि रामाशिषला सांगितलं, गाडीला वेळ आहे, विचार कर, नाही म्हणालास तरी मी रागावणार नाही. आणि शेजारी बसून राहिले. दोघांनी भजी खाल्ली. रामाशिष रुळांकडे बघत होता. अखेर त्यानं कागद मागून घेतला, हिंदीत चार ओळी लिहिल्या, खाली सही केली. गाडीत चढताना गमछा गळ्यातून काढून खिडकीतून दिला. "ये भी ले जाइए. कागज तो कोई भी लिख लेता है."

गुरुवारी तो गमछा चौकशीच्या टेबलावर गेला. पोपटला लेखी ताकीद मिळाली आणि नोकरी राहिली. दीड वर्षानं तो कायम झाला. रामाशिष त्या कारखान्यात परत आला नाही. पोपटनं ठेकेदाराकडे दोनदा पत्ता मागितला, मिळाला नाही.

आणि इकडे सरांचा खुलासा. मुख्याध्यापक वाईट नव्हते. मला म्हणाले, "दोन ओळी लिहून द्या म्हणावं. फाइल बंद करू." तिसऱ्या दिवशी मी सरांना आठवण केली, आठव्या दिवशी केली, सत्र संपताना केली. एकही कागद उशिरा देणारा हा माणूस नव्हता. रजेचा अर्ज दोन दिवस आधी द्यायचे.

"सर, स्पर ऑफ द मोमेंट लिहा आणि मोकळे व्हा. पोपटला तुम्हीच लिहून दिलंत ना?"

"पोपटनं समोरची मान पाहिली होती, बाई. मी फक्त कागद पाहिला." टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, "माझ्या दहा मिनिटांत रामाशिषची नोकरी कुठंच नव्हती. ती असायला हवी होती. मग ही कुठली घाई, ते ठरत नाही. ठरल्याशिवाय सही कशी करू?"

सर निवृत्त झाले तेव्हा पेन्शनची सगळी कागदपत्रं मी तयार केली. मेमोचा कागद मुख्याध्यापकांनी हसून बाजूला काढला. मी तो फाडला नाही. माझ्या प्रलंबित कामांच्या वहीत त्याची ओळ होती, ती दरवर्षी नव्या वहीत उतरवत गेले.

सर मुलीकडे दौंडला राहायला गेले, डबे घेऊन. माझी शेवटची भेट तिथल्याच स्टेशनवरची, २००६ सालची. मी सोलापूरच्या गाडीसाठी आले होते. सर बाकावर बसले होते, चपला बाकाखाली काढून ठेवलेल्या. रोज संध्याकाळी येतो म्हणाले. कशासाठी ते मी विचारलं नाही. उत्तरेकडची गाडी लागली की त्यांची नजर खिडक्यांवरून जात होती, एवढं पाहिलं.

"खुलासा राहिलाय सर."

"अजून आहे तुमच्या यादीत?" ते मोठ्यानं हसले. "जगतापबाई, सरकार बुडेल, तुमची वही बुडायची नाही."

मग मी नऊ वर्षं मनात ठेवलेलं सांगितलं. "त्या दिवशी मी दारात आले तेव्हा तुमच्या पायात चपला होत्या. वर्गात. तुम्ही कधीच घालत नव्हता. निरोप यायच्या आधीपासून तुम्ही निघायच्या तयारीत होता. मग पाचवा डबा. सखाराममामांचा."

सर स्वतःच्या पायांकडे बघत राहिले. "होत्या का?" असं हळूच म्हणाले. "मला हे आठवतच नाही."

तेवढ्यात माझी गाडी आली. मी चढले, खिडकीशी बसले. गाडी हलली तेव्हा मागून एक म्हातारी डोक्यावर बोचकं घेऊन धावत येताना दिसली, डब्याचा दांडा तिच्या हाताला लागत नव्हता. सर बाकावरून उठले. पासष्ट-सहासष्टीचा माणूस फलाटावरून पळाला, बोचकं तिच्या डोक्यावरून उचलून दारात फेकलं आणि तिला दंडाला धरून वर ढकललं. माझी खिडकी त्यांच्यासमोरून गेली तेव्हा ते धापा टाकत कमरेवर हात ठेवून उभे होते. अनवाणी. चपला मागे बाकाखालीच होत्या.

दोन वर्षांनी सर गेले. त्यांच्या मुलीनं पाचही डबे माझ्याकडे आणून दिले. "अब्बा म्हणाले होते, लावून ठेवायचं काम जगतापबाईच करतील." मी सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या, वर्षांप्रमाणे लावल्या, रबर घातले. हार्मोनियम आहे, आप्पांचे बैल आहेत, आभाराचं भाषण आहे, पोपटचं बटन आहे. सरांची स्वतःची एकही चिठ्ठी नाही.

ती मी लिहायला घेतली आहे. उत्तरपत्रिकेची कोरी बाजू, पट्टीनं फाडलेली. वर तारीख आणि हजर माणसं लिहून झाली. खाली आधीची दहा मिनिटं लिहिली: सर शिकवत होते, पायात चपला होत्या, मी दारात आले, त्यांनी कागद वाचला. मेमो टाचणीनं मागं लावला आहे. पाच डबे टेबलावर झाकणं उघडून ठेवले आहेत, आणि चिठ्ठी अजून माझ्या हातात आहे.